पूर्वगर्भाक्षेपाचे रक्तसूचक

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक होऊन मूत्रातून प्रथिने जाऊ लागणे, अथवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांस इजा पोहोचणे, ह्या विकारास पूर्वगर्भाक्षेप किंवा प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. आणि त्याची चाहूल देणारी जी प्रथिने मातेच्या रक्तात मोजता येतात, ती त्याचे रक्तसूचक होत.

कारणमीमांसा : आरंभीच्या महिन्यांत गर्भाशयाच्या सर्पिल रोहिण्या रुंदावून वारेला मुबलक रक्त पुरवितात, त्या रुंदावण्यात उणीव राहिली, म्हणजे वार एसएफएलटी-१ हे प्रथिन प्रमाणाबाहेर सोडू लागते. रक्तवाहिन्यांचे अस्तर निरोगी राखणाऱ्या व्हीईजीएफ आणि पीएलजीएफ ह्या घटकांना ते अडकवून ठेवते; सबब ते अस्तर सर्व शरीरभर दुखावते, रक्तदाब चढतो आणि मूत्रपिंडाच्या गाळणीतून प्रथिने निसटतात. अनंत करुमंची यांच्या बॉस्टन येथील चमूने २००३ साली गाभण उंदरांच्या शरीरात हे प्रथिन वाढवून हीच लक्षणे उत्पन्न करून दाखविली. पुढल्याच वर्षी, स्त्रियांमध्ये लक्षणे उमटण्यापूर्वी सुमारे ५ आठवडे ते वाढू लागते, असे सिद्ध झाले.

उपयोग : एसएफएलटी-१ व पीएलजीएफ यांचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असल्यास येत्या आठवड्यात विकार उद्भवणार नाही, असे ९९ टक्क्यांहून अधिक खात्रीने सांगता येते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात आढळले, परंतु गुणोत्तर अधिक आले म्हणून विकार जडेलच असे नाही, आणि म्हणून भय निवारण करणे हेच ह्या तपासणीचे मुख्य बळ होय. ब्रिटनमधील ११ प्रसूतिगृहांत पीएलजीएफचा निष्कर्ष वैद्यांच्या हाती देताच निदानास लागणारा मध्यक काळ ४.१ दिवसांवरून १.९ दिवसांवर आला व मातांवरील गंभीर आपत्तीही घटल्या, असे २०१९ साली नमूद झाले. अमेरिकेत अशा गुणोत्तर-तपासणीस २०२३ साली सरकारी मंजुरी मिळाली. पहिल्या तिमाहीत पीएलजीएफ, रक्तदाब व गर्भाशय-रोहिणीतील रक्तप्रवाह यांवरून जोखीम हेरून अ‍ॅस्पिरिन सुरू केल्यास मुदतपूर्व विकार पुष्कळसा टळतो.

मर्यादा : प्रसूती हाच ह्या विकारावरील अखेरचा उपाय असल्यामुळे रक्तसूचक रोग बरा करीत नाहीत, ते केवळ सावध होण्यास अवधी देतात, आणि जेथे ही महागडी तपासणी पोहोचलेली नाही, तेथे प्रत्येक भेटीत रक्तदाब व लघवी तपासणे आणि डोकेदुखीची किंवा डोळ्यांपुढे अंधारी येण्याची गर्भिणीची तक्रार तत्काळ मनावर घेणे, हेच तिच्या प्राणरक्षणाचे साधन आहे.