व्याघ्रगणनेच्या कागदांचें प्रामाण्य

कोणताही दस्तऐवज हातीं आला म्हणजे संशोधकानें प्रथम दोन गोष्टी पाहावयाच्या असतात: तो लिहिला कोणीं, आणि लिहिणाराचें हिताहित त्यांतील मजकुरांत कितपत गुंतलें होतें. बखरी, महजर, हकीकती यांस ही कसोटी आपण नित्य लावतों. सरकारी दफ्तरांतील आंकड्यांस ती लावण्याचें मात्र पुष्कळदां राहून जातें. कारण आंकडा स्वभावतःच निःपक्षपाती असतो, अशी समजूत दृढ झालेली आहे. ही समजूत किती घातक ठरते हें दाखविण्याकरितां हिंदुस्थानांतील संरक्षित अरण्यांच्या व्याघ्रगणनेचे कागद आम्हीं प्रस्तुत लेखीं तपासावयास घेतले आहेत.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. वाघाच्या शिकारीस १९७० सालीं बंदी झाली. १९७२ सालीं वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला व त्याच वर्षींच्या गणनेंत वाघांची संख्या १८२७ भरली. पुढें १ एप्रिल १९७३ रोजीं व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आरंभीं त्यांत नऊ अरण्यें होतीं. आपल्या वऱ्हाडांतील मेळघाट हें त्यांपैकींच एक. कान्हा, बंदीपूर, पलामू, सिमलीपाल, रणथंभोर, कॉर्बेट, मानस व सुंदरबन हीं बाकीचीं आठ.

हीं अरण्यें सुस्थितींत आहेत कीं नाहींत हें ठरविण्याचें मुख्य माप म्हणजे त्यांतील वाघांची संख्या, आणि ती काढावयाची ती पाऊलठशांवरून. पलामूच्या रानांत अशी मोजणी १९३२ इतक्या जुन्या काळीं झाली होती. ओरिसाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनीं १९६६ सालीं या रीतीस पद्धतशीर रूप दिलें. ठरलेल्या दिवसांत वनरक्षकांनीं वाटा व नाले धुंडावे, मागील डाव्या पायाचा ठसा कांचेवर गिरवून कागदावर उतरावा, अथवा प्लास्टरचा साचा घ्यावा, आणि वरिष्ठांनीं ते ठसे ताडून पाहून वाघ किती याचा निर्णय करावा, असा क्रम होता. या रीतीनें काढलेली देशांतील संख्या १९८९ सालीं ४३३४ व २००१-०२ सालीं ३६४२ नोंदली गेली.

या कागदांत दोन दोष होते. पहिला दोष साधनाचा. एकाच वाघाचा ठसा चिखलांत निराळा व वाळूंत निराळा उमटतो. चालीच्या वेगानें व चढउतारानें तो बदलतो, आणि गिरविणाराच्या हातानें आणखी बदलतो. शिवाय जे ठसे सांपडलेच नाहींत त्यांचा हिशेब करण्यास या रीतींत जागाच नव्हती. डॉ. उल्लास कारंथ यांनीं हे आक्षेप अनेक वर्षें सप्रमाण मांडले होते. दुसरा दोष अधिक खोल. ज्या खात्याची कर्तबगारी वाघांच्या संख्येवरून जोखावयाची, तेंच खातें ती संख्या लिहीत असे. रानोमाळ पायपीट करणाऱ्या रक्षकांच्या सचोटीविषयीं शंका घेण्याचें येथें कारण नाहीं. दोष व्यवस्थेचा होता. वाढ लिहिली तर कोणी विचारीत नसे. घट लिहिली तर जाब द्यावा लागे.

याचें फळ सरिस्का येथें दिसून आलें. अलवार संस्थानचें हें जुनें शिकारीचें रान १९७८ सालीं व्याघ्रप्रकल्पांत आलें. २००४ सालच्या सरकारी गणनेंत तेथें १६ ते १८ वाघ लिहिलेले आहेत. २००५ च्या आरंभीं शोध घेतला तेव्हां एकही वाघ आढळला नाहीं. चोरट्या शिकाऱ्यांनीं रान रिकामें केलें होतें, आणि दफ्तरांतले वाघ मात्र जागच्या जागीं होते. त्याच वर्षीं सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशीचें कृतिदल नेमलें गेलें. इतकें होऊनही पन्ना येथें तोच प्रकार घडला. तेथील वाघांचा अभ्यास करणारे रघू चुंदावत यांनीं आधींच इशारा दिला होता. तरी २००९ सालीं तें रानही वाघावांचून उरलें. दोन्ही ठिकाणीं पुढें बाहेरून वाघ आणून सोडावे लागले.

इतिहासाच्या वाचकांस हा प्रकार अगदींच अपरिचित नाहीं. सरदारानें घोडीं थोडीं बाळगावीं, हजिरीच्या दिवशीं उसनीं आणून उभीं करावीं व तनखा पुऱ्या संख्येचा घ्यावा, ही लबाडी जुनी आहे. तिच्यावर खिलजी व मोगल अमलांत उपाय निघाला तो घोड्यास डाग देण्याचा व स्वाराचा चेहरा लिहून ठेवण्याचा. म्हणजे संख्या नव्हे, तर एकेक प्राणी ओळखून लिहावयाचा. वाघाच्या अंगीं हा डाग जन्मतःच असतो. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कारंथ यांनीं नागरहोळे येथें रानांत स्वयंचलित कॅमेरे लावून या पट्ट्यांवरून वाघ ओळखले, आणि छायाचित्रांत न आलेल्या वाघांचा अंदाज गणितानें बसविला.

२००६ पासून देशाच्या गणनेंतही कॅमेऱ्यांचा अवलंब झाला व संख्या १४११ निघाली. ३६४२ वरून १४११ एवढी घट चार वर्षांत झाली, असें कित्येकांनीं लिहिलें. तें अशास्त्रीय होय. दोन्ही आंकडे भिन्न साधनांतून निघालेले असून २००६ च्या आंकड्यांत सुंदरबन धरलेंच नव्हतें. भिन्न मापांच्या मोजण्या एकमेकींतून वजा करतां येत नाहींत. २०२२ च्या गणनेचा मध्यम अंदाज ३६८२ आहे; त्यासोबत ३१६७ ते ३९२५ अशी मर्यादाही दिलेली आहे, आणि प्रत्यक्ष छायाचित्रांत ओळखलेले वाघ ३०८० आहेत. आपली अनिश्चितता स्वतःच सांगणारा आंकडा अधिक विश्वसनीय मानावा. अर्थात् नवी रीतही निर्दोष नाहीं. खुणांवरून विस्तृत प्रदेशाची संख्या बसविण्यावर २०१५ सालीं अर्जुन गोपालस्वामी प्रभृतींनीं गंभीर आक्षेप घेतले आहेत.

वाघ मोजला म्हणजे रान मोजलें असेंही नव्हे. हरणें, गवत, पाणी, वणवे व रानालगतच्या गांवांचें जीवन यांची नोंद निराळी ठेवावी लागते. परंतु कोणतीही नोंद प्रमाण मानण्यापूर्वीं तिच्यांत अप्रिय गोष्ट लिहिली गेली आहे काय, हें पाहावें. २०१८ च्या गणनेंत बक्सा, डंपा व पलामू या तीन व्याघ्रप्रकल्पांत एकही वाघ आढळला नाहीं, असें स्पष्ट नमूद केलेलें आहे. ज्या पलामूंत ठशांची गणना प्रथम झाली, त्याच पलामूपुढें हें शून्य पडावें ही खेदाची गोष्ट खरी. तथापि सरिस्क्याच्या कागदावरील सोळा-अठरा वाघांपेक्षां हें शून्य आम्हांस अधिक मोलाचें वाटतें. कारण त्या कागदानें रान बुडालें, आणि या शून्यावरून निदान उपाय तरी आरंभितां येतो.