४० टक्क्यांची रेष

आज यवतमाळातून एका आकड्याचा इतिहास.

२०१७ च्या पावसाळ्यात आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली. माझे मोठेबाबा वाचले, पण नजर धूसर झाली, हात थरथरतात. शेतातलं काम सुटलं ते सुटलंच.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. अपंग म्हणून तिच्यात बसायचं तर ४० टक्क्यांचा दाखला लागतो. मोठेबाबांच्या कागदावर आले ३०.

मी कोड लिहितो. अशा अटी मीही रोज घालतो. आकडा कमी भरला की दार बंद. पण ही अट आली कुठून?

१९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यानं विचारलं होतं, माणसाची कमाईची ताकद किती गेली? अंगठा गेला तर ३० टक्के, असा त्यात तक्ताच होता. भरपाई मात्र मालकानं द्यायची. वणीच्या कोळसा खाणीत मालक असतो. स्वतःच्या दोन एकरांत फवारणाऱ्याचा मालक कोण?

१९९५ च्या अपंग कायद्यानं कमाईऐवजी शरीर मोजलं आणि ४० ची रेष आखली. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. रेष तिथंच राहिली.

दाखल्याविरुद्ध अपिलाची सोय याच कायद्यात आहे. आम्ही अपील केलंय. मोठेबाबा म्हणतात, "डोळे मोजले रे त्यांनी. काम होते का, हे कोणी इचारलंच नाही."