बाप रक्ताचा की कायद्याचा?



शाळाप्रवेशाच्या दिवसांत दाखल-खारीज रजिस्टरमधील वडिलांच्या नावाचा रकाना आम्ही शिक्षक सहज भरून टाकतो. पण एखाद्या लेकराचा मामा त्या रकान्यापाशी घुटमळला, की आमची लेखणी थबकते. बाप म्हणजे कोण? ज्याचे रक्त तो, की कायदा ज्याला बाप म्हणतो तो?

आई कोण हे प्रसूतीच्या वेळीच कळते. बाप कोण हे सिद्ध करण्याचे साधन पूर्वी नव्हते. म्हणून प्राचीन रोमन कायद्याने विवाह हाच पुरावा मानला. इस्लामी फिकहनेही विवाहात जन्मलेले मूल पतीचे मानले. आपल्याकडे १८७२ च्या पुरावा कायद्यातील कलम ११२ ने तेच सांगितले. विवाह कायम असताना, किंवा तो संपल्यावर आई अविवाहित असताना २८० दिवसांच्या आत जन्मलेले मूल पतीचेच. त्या काळात पतिपत्नींचा संबंध येणेच शक्य नव्हते, हे सिद्ध झाले तरच अपवाद. या कठोर नियमामागे दयाच होती. निरपराध लेकराच्या कपाळी अनौरसपणाचा डाग लागू नये, हा हेतू होता.

१९८४ साली इंग्लंडमधील लेस्टर येथे ॲलेक जेफ्रीज यांनी डीएनए ठशांची पद्धत शोधली आणि रक्त बोलू लागले. मग कायदा खरा की विज्ञान?

हा प्रश्न आपल्या विदर्भातूनच सर्वोच्च न्यायालयात गेला. चंद्रपूरकडील एका दांपत्याच्या पोटगीच्या खटल्यात मुलीला दरमहा ५०० रुपये मंजूर झाले होते. पतीने पितृत्व नाकारले. नागपूर व हैदराबाद येथील तपासण्यांत तो जन्मदाता नसल्याचे निष्पन्न झाले. ६ जानेवारी २०१४ रोजी न्यायालयाने विज्ञानाचा कौल मानला व मुलीची पोटगी थांबली; मात्र आधी दिलेली रक्कम परत घेऊ नये, असेही बजावले. सत्य जिंकले, पण त्या वादात ज्या मुलीचा काहीच दोष नव्हता, तिचा आधार गेला.

पुढे २०२३ साली पुण्याच्या एका घटस्फोटाच्या दाव्यात त्याच न्यायालयाने मुलाची डीएनए तपासणी नाकारली. मोठ्यांच्या भांडणात लेकराला पुरावा म्हणून उभे करू नये, असा त्या निकालाचा आशय होता. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ११६ मध्ये जुना नियम कायम आहे.

वाचकहो, प्रयोगशाळा जन्मदाता कोण ते सांगेल, न्यायालय वारस कोण ते ठरवील. परंतु लेकराची फी कोण भरतो, तापात उशाशी कोण बसतो, हे कोणत्याही कलमाने ठरत नाही. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लागते. रजिस्टर बदलले आहे. आता आपली नजरही बदलावी. रकाना रिकामा असो वा भरलेला, वर्गात येणाऱ्या लेकराची मान ताठ राहिली पाहिजे. तेवढे तरी आपल्या हाती आहे.