डब्यात परत न गेलेले सैनिक

आजच्या भागात इतिहास आहेच, पण सोबत माझा छंदही आहे. तो म्हणजे मिनिएचर वॉरगेमिंग. इंचभर उंचीचे सैनिक रंगवायचे, टेबलावर टेकड्या, नदी, घरं मांडायची आणि फासे टाकून जुनी लढाई पुन्हा खेळायची. ‘या वयात बाहुल्या?’ हे घरी विचारून झालंय, त्यामुळे तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल.

छंद तसा जुना आहे. ‘वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सनं १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक काढलं. त्यात खेळण्यातले सैनिक आणि छोट्या तोफा घेऊन युद्ध कसं खेळायचं, याचे नियम होते. आणि गंमत बघा, शेवटी त्यानं हेही सांगितलं की खऱ्या युद्धापेक्षा हा खेळ शहाणपणाचा. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आता माझी गोष्ट. मागे मी दुसऱ्या महायुद्धातली इटलीची मोहीम खेळायला घेतली. का? कारण तिथे आपली माणसं होती. सुमारे पन्नास हजार भारतीय सैनिक इटलीत लढले आणि ५,७८२ तिथेच गेले. त्यातले एक नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्याचे, पाचव्या मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे. वय फक्त बावीस.

१० जुलै १९४४. टायबर नदीचं वरचं खोरं. घाडग्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्याशिवाय बाकी सगळे ठार किंवा जखमी. घाडगे एकटेच धावत सुटले. हातबॉम्ब टाकून त्यांनी मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही संपवले. तिथल्याच आणखी एकाला टॉमी गननं टिपलं. मॅगझिन बदलायला वेळच नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना तिनेच मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जिंकलेल्या त्या मोर्चातच त्यांनी प्राण सोडला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण मृतदेह सापडला नाही. कॅसिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

हे सगळं मी टेबलावर मांडलं. फासे टाकले आणि माझे घाडगे वाचले! मित्रानं टाळी दिली. मला मात्र कसंतरीच झालं. तुकडीतले बाकीचे सैनिक मी एकेक करून उचलले, आडवे केले आणि रात्री डब्यात ठेवले. पुढच्या रविवारी ते पुन्हा उभे राहणार होते.

मग लक्षात आलं, घाडग्यांचं नाव मला पाठ आहे, पण त्या बाकीच्यांची? मानपत्रात ते फक्त ‘बाकीचे सगळे’ आहेत. माझ्या खेळातही तेच झालं होतं.

कुणी म्हणेल, ते तर इंग्रजांसाठी लढले, त्यांचं काय एवढं? लढाई कुणाची होती यावर जरूर वाद घालूया. पण घरी तार आली ती कोकणातल्या, देशावरच्या आईला. तिचं दुःख इंग्रजांचं नव्हतं.

तेव्हापासून मी दोन गोष्टी करतो. घाडग्यांची मूर्ती खेळात उतरवत नाही. ती कपाटावर वेगळी असते, तिच्या नशिबावर फासे टाकायचे नाहीत. आणि कुठलीही लढाई मांडायच्या आधी त्या पलटणीतल्या मृतांची काही नावं शोधून मोठ्यानं वाचतो. मित्र आधी हसले. आता तेही वाचतात.

तुम्हालाही हे करता येईल, मूर्ती नसल्या तरी. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या साइटवर पलटण आणि तारीख टाका, नावं समोर येतात. फोन हातात आहेच. आणि गावाकडे जाल तेव्हा चावडीजवळ, शाळेजवळ जुनी दगडी पाटी दिसते का बघा. पहिल्या महायुद्धात या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढंच त्यावर असतं. नुसता आकडा. ते कोण होते, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. एखादं नाव हाती लागलं तर आम्हाला नक्की कळवा, पुढच्या भागात वाचू.

भेटूच. काळजी घ्या.