पोथी, सलाई आणि मोतीबिंदू

प्राचीन विज्ञानाचा गौरव सुरू झाला की व्यासपीठावरून सुश्रुताचे नाव हमखास येते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया जगाला आपण शिकवली, असे सांगून वक्ता टाळ्या घेतो. सुश्रुतसंहितेत ही शस्त्रक्रिया आहे आणि तिचे वर्णन तपशीलवार आहे, हे मला मान्यच आहे. पण ही विद्या शतकानुशतके त्याच जागी का थिजून राहिली, हे त्या टाळ्यांत कोणी विचारीत नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

डोळ्याच्या बाहुलीमागे एक पारदर्शक भिंग असते. वय वाढते तशी त्यातील प्रथिने गोठत जातात, भिंग गढूळ होते आणि प्रकाश अडतो. बाहुलीत पांढरा ठिपका दिसू लागतो, म्हणून मोतीबिंदू. संहितेच्या उत्तरतंत्रात याला कफज लिंगनाश म्हटले आहे. फार उष्ण वा फार थंड नसलेला दिवस निवडावा, रोग्याला नीट धरून बसवावे, रक्तवाहिन्या चुकवून जवाच्या टोकासारखी सलाई डोळ्यात घालावी, नंतर तुपाची पट्टी बांधून त्याला उताणे निजवावे, शिंक आणि खोकला टाळावा. हे सारे अनुभवी हाताचे शब्द आहेत. मात्र या क्रियेत भिंग बाहेर निघत नसे, ते वाटेतून खाली ढकलले जाई. आणि भिंगच गढूळ होते, हे ठाऊक नव्हते. कफ साचला असे समजून तो रोग्याला नाकावाटे शिंकरायला लावीत. युरोपातही वेगळे नव्हते. डोळ्यात पाणी उतरते अशी तिकडची समजूत होती आणि रोगाच्या लॅटिन नावाचा अर्थच धबधबा असा आहे.

आता त्याच ग्रंथाचे सूत्रस्थान पाहा. शूद्राला मंत्र वगळून, उपनयन न करता शिकवावे, असे काहींचे मत तेथे नोंदले आहे. म्हणजे दार किलकिले आहे. पण पुढेच पारधी, पक्षी धरणारा आणि पतित यांच्यावर उपचार करू नयेत असेही सांगितले आहे. ज्याच्या रोजीवर समाज थुंकतो त्याच्या डोळ्यांना सलाई नाही! मनुस्मृतीने तर वैद्यालाच श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले, त्याचे अन्न पुवासारखे ठरवले आणि चिकित्सेचे काम अंबष्ठ या संकरजातीकडे लोटले. प्रेत उघडून शरीर पाहावे असे सुश्रुत सांगतो. पण जेथे प्रेताचा स्पर्श हाच विटाळ, तेथे हे शिक्षण किती काळ टिकणार? माझा निष्कर्ष असा की पोथी एका हातात राहिली आणि सलाई दुसऱ्या. पाठ करणारा डोळ्याला शिवत नव्हता आणि शिवणाऱ्याला अक्षर येत नव्हते.

ज्यांनी स्पर्शाला भ्यायचे नाकारले, त्यांच्या मार्गाने ही विद्या प्रवासाला निघाली. बौद्ध धर्माबरोबर भारतीय वैद्यक चीनला गेले. तेथे नेत्ररोगांचा एक ग्रंथ नागार्जुनाच्या नावाने ओळखला जाई आणि आठव्या-नवव्या शतकांतले थांगकालीन कवी बाई जूयी व ल्यू यूशी भारतीय नेत्रचिकित्सेचा व सोन्याच्या सलाईचा उल्लेख करतात.

इकडे सलाई गावोगाव फिरणाऱ्यांच्या झोळीत गेली. उत्तरेत त्यांना सथिये वा रावळ म्हणत. ते बाजाराच्या दिवशी येत, भिंग ढकलत, रोग्याला दोन बोटे मोजून दाखवायला लावीत आणि पैसे घेऊन पुढचे गाव गाठीत. डोळा नंतर पिकला, आतला दाब वाढून ठणकू लागला, तर ते पाहायला कोणी नसे. मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयाचे प्रमुख रॉबर्ट एलियट यांनी असे बिघडून आलेले डोळे तपासून १९१८ मध्ये पुस्तक लिहिले. त्या फिरस्त्यांना भोंदू म्हणून मोकळे होणे सोपे आहे. त्यांना शाळा कोणी दिली होती?

युरोपातही फिरस्ते होते. जॉन टेलरने १७५० मध्ये संगीतकार बाख यांच्या डोळ्यांवर सलाई चालवली. त्याच वर्षी बाख वारले. पण फ्रान्समध्ये १७४३ साली शल्यविशारद न्हाव्यांच्या संघापासून वेगळे झाले आणि हाताच्या कामाला विद्येचा दर्जा मिळाला. शल्यकाची उमेदवारी करून वर आलेल्या झाक दाव्हिएल यांनी १७४७ मध्ये भिंग ढकलण्याऐवजी बाहेर काढले आणि पुढे हिशेबही मांडला: २०६ शस्त्रक्रिया, १८२ यशस्वी. म्हणजे फसलेल्या २४ त्याने लपवल्या नाहीत. विज्ञान पुढे जाते ते या २४ मुळे.

भिंग काढल्यावर डोळा उघडा पडे आणि जाड चष्म्यावाचून दिसत नसे. माझ्या आजीने हे भोगले. शिबिरात तिला आधी परत पाठवले, मोतीबिंदू पिकल्यावर ये म्हणून. तेव्हाची पद्धतच तशी होती. पुढे शस्त्रक्रिया झाली, सोडाच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा मिळाला. गोवऱ्या थापताना तो पडून फुटला आणि दुसरा मिळेपर्यंत ती पुन्हा भिंतीला धरून चालली. खरे तर यावरचा उपाय लंडनच्या हॅरल्ड रिडली यांनी १९४९ मध्येच शोधला होता. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकचे तुकडे घुसले, तरी डोळ्यांनी ते सोसले, हे पाहून त्यांनी त्याच जातीच्या प्लास्टिकचे भिंग आत बसवले. पण ते माझ्या आजीच्या वाट्याला यायचे नव्हते. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये मदुराईला ११ खाटांवर अरविंद नेत्ररुग्णालय सुरू केले. त्याच संस्थेच्या ऑरोलॅबने १९९२ पासून देशातच भिंगे बनवली, तेव्हा त्यांची किंमत आयात भिंगांच्या सुमारे दहाव्या हिश्श्यावर आली.

आज ही शस्त्रक्रिया काही मिनिटांत होते, मोतीबिंदू पिकण्याची वाट पाहावी लागत नाही. तरीही २०१५-१९ च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वाचे ६६.२ टक्के कारण मोतीबिंदूच निघाले, आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अंधत्व कितीतरी जास्त आढळले. शस्त्रक्रिया का केली नाही, असे विचारल्यावर लोकांनी सांगितलेल्या कारणांत पैसा नाही हे होते, आणि सोबत यायला कोणी नाही हेही होते. सोबत जायचे म्हणजे घरातल्या दुसऱ्या माणसाने त्या दिवसाची मजुरी सोडायची.