मोबाईलवरची ‘आपली आजी’ : गावातल्या बायकांचं यूट्यूब चॅनल, कमाई, धोके आणि पासवर्ड कुणाच्या हातात?

छत्रपती संभाजीनगर : पैठण, गंगापूर, सिल्लोड, कन्नड, कुठल्याही तालुक्यात जा, दुपारची कामं उरकल्यावर बायकांच्या हातात मोबाईल दिसतोच. रेसिपी, कीर्तन, ब्लाऊजची कटिंग, शेळीपालन, सगळं बघितलं जातं. बघता बघता काही जणींना वाटतं, हे तर आपल्यालाही येतं, आपणही टाकावं. मग प्रश्न सुरू होतात. चॅनल कुणाच्या नावावर काढायचं? पैसे कधी मिळतात? कुणी चॅनल पळवलं तर? या सगळ्याची माहिती एका जागी मिळावी म्हणून हा लेख.

सारोळा कासारच्या आजी

आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, नगर शहरापासून साधारण १५ किलोमीटरवर सारोळा कासार हे गाव आहे. तिथल्या सुमन धामणे या सत्तरीच्या आजींचं ‘आपली आजी’ हे यूट्यूब चॅनल २०२० मध्ये राज्यभर गाजलं. सुरुवात घरातूनच झाली. नातवाने पावभाजी कर म्हणून हट्ट धरला आणि मोबाईलवरचा एक व्हिडिओ दाखवला. आजी म्हणाल्या, यापेक्षा चांगली मी करते. केली, आणि घरच्यांना आवडलीसुद्धा. तिथून चॅनलची कल्पना निघाली.

आजींना इंटरनेटची काहीच माहिती नव्हती. कॅमेऱ्यासमोर बोलायची सवय नव्हती. शूटिंग आणि व्हिडिओ टाकायचं काम नातू बघायचा, चुलीपुढचं ज्ञान आजींचं. कारल्याच्या भाजीचा व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला आणि काही महिन्यांतच सबस्क्रायबर पाच लाखांच्या पुढे गेले.

मग ऑक्टोबर २०२० मध्ये चॅनल हॅक झालं. इतक्या महिन्यांची मेहनत एका दिवसात हातातून गेली. आजी आणि नातू दोघंही हवालदिल झाले होते. सुदैवाने काही दिवसांत यूट्यूबने चॅनल परत मिळवून दिलं. पण सगळ्यांच्याच नशिबात असं परत मिळणं नसतं. म्हणून चॅनल काढण्याआधीच त्याची सुरक्षा समजून घ्यायला हवी.

बायका मागे का राहिल्या?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) इंटरनेटबद्दलही विचारलं होतं. ग्रामीण भारतात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी फक्त २४.६ टक्के जणींनी कधी तरी इंटरनेट वापरलं होतं. ग्रामीण पुरुषांमध्ये हेच प्रमाण ४८.७ टक्के, म्हणजे जवळपास दुप्पट. स्वतः वापरता येईल असा मोबाईल देशातल्या साधारण ५४ टक्के बायकांकडेच होता.

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. त्याआधी २०१५ मध्ये गुगल आणि टाटा ट्रस्टने ‘इंटरनेट साथी’ उपक्रम सुरू केला. त्यात गावातल्याच बाईला शिकवून ती पुढे शेजारणींना शिकवायची. महाराष्ट्रातल्या गावांमध्येही हा उपक्रम पोचला. बाईने बाईला शिकवलं की लाज, भीती कमी होते हे त्यातून दिसलं. बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं यासाठी ठेवली तरी सुरुवात होते.

चॅनल काढायला काय लागतं?

एक जीमेल खातं आणि साधा स्मार्टफोन. चॅनल काढायला पैसे लागत नाहीत. ‘चॅनल काढून देतो, पाच हजार द्या’ असं कुणी म्हणालं तर समजून जा.

मराठी टाईप करायला जमत नसेल तर कीबोर्डवरचं माईकचं बटण दाबून बोला, अक्षरं आपोआप उमटतात. व्हिडिओ काढताना मोबाईल आडवा धरा, उजेड समोरून येऊ द्या, पंखा आणि टीव्ही बंद ठेवा. आवाज स्वच्छ नसेल तर लोक लगेच पुढे जातात.

विषय आपल्याला जे पक्कं येतं त्यातला घ्या. पैठणीचं विणकाम, सिल्लोडकडची मिरची, आल्याची लागवड, वाळवणं, गोधडी, बायोगॅस, माती परीक्षणाचा अहवाल कसा वाचायचा, असे कितीतरी विषय आपल्या जिल्ह्यात पडून आहेत. शेतीतली शास्त्रीय माहिती सांगायची असेल तर आधी कृषी सहायक किंवा पैठण रोडवरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारून खात्री करा. औषधाचं चुकीचं प्रमाण सांगितलं तर ऐकणाऱ्याचं पीक जाईल. ‘या काढ्याने शुगर जाते’ असले दावे तर अजिबात नकोत.

व्हिडिओमागे सिनेमाचं किंवा भक्तिगीताचं गाणं परस्पर लावू नका. ९० दिवसांत तीन कॉपीराईट स्ट्राईक आले तर चॅनल बंद होऊ शकतं. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत फुकट संगीत मिळतं, ते वापरा.

पैसे कधी आणि कसे?

जाहिरातीतून पैसे मिळायला दोन अटी आहेत. १,००० सबस्क्रायबर हवेत. त्यासोबत गेल्या १२ महिन्यांत लोकांनी व्हिडिओ एकूण ४,००० तास बघितलेले हवेत, नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सला १ कोटी व्ह्यू हवेत. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या उत्पन्नातला ५५ टक्के वाटा चॅनलवाल्याला मिळतो.

पैसे ‘ॲडसेन्स’ नावाच्या खात्यात जमतात. त्यासाठी वय किमान १८ लागतं. १० डॉलर जमले की पत्ता तपासण्यासाठी घरी पोस्टाने एक पिन नंबर येतो. म्हणून पत्ता लिहिताना गाव, पोस्ट, तालुका आणि पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला सांगून ठेवा. १०० डॉलर पूर्ण झाले की रक्कम बँकेत येते. पहिल्या वर्षात काहीच हाती न येणं ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका.

चॅनल पळवतात कसं?

ऑक्टोबर २०२१ मध्ये गुगलच्या सुरक्षा पथकाने यूट्यूबवाल्यांना फसवणाऱ्या टोळ्यांची पद्धत जाहीर केली. ती अशी असते :

१. ईमेल येतो : ‘तुमचं चॅनल आवडलं, आमच्या वस्तूची जाहिरात करा, पैसे देऊ.’

२. बोलणं पुढे गेलं की एक लिंक किंवा फाईल पाठवतात. ॲप डाऊनलोड करून बघा म्हणतात.

३. फाईल कॉम्प्युटरवर उघडली की त्यातला व्हायरस ब्राउझरमधली ‘कुकी’ चोरतो. कुकी म्हणजे आपण आधीच लॉगिन केलेलं आहे याची खूण. ती चोराकडे गेली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही.

४. चोर पासवर्ड बदलतो, चॅनलचं नाव बदलतो किंवा ते विकून टाकतो.

म्हणजे नुसता पासवर्ड अवघड ठेवून भागत नाही, अनोळखी फाईल न उघडणं हाच पहिला उपाय. दुसरी फसवणूक फोनवरून होते. ‘यूट्यूबमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ कट करा.

हे आजच करून ठेवा

गुगल खात्यात ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करा. नोव्हेंबर २०२१ पासून कमाई करणाऱ्या चॅनलना ते सक्तीचंच झालं आहे. तिथेच ‘बॅकअप कोड’ मिळतात. ते कागदावर लिहून सातबारा, रेशनकार्ड जिथे ठेवता तिथे ठेवा. मोबाईल हरवला तर हेच कोड कामाला येतात. नेट कॅफे किंवा दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर लॉगिन केलं असेल तर खात्याच्या सिक्युरिटी भागात ‘युवर डिव्हाइसेस’ उघडून तिथून साईन आऊट करा.

पासवर्ड कुणाच्या हातात?

गावात बऱ्याचदा असं होतं. चेहरा आईचा, आवाज आईचा, पण जीमेल मुलाचं, मोबाईल नंबर भाच्याचा आणि बँक खातं नवऱ्याचं. सगळं सुरळीत आहे तोवर काही वाटत नाही. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, नंबर बंद पडला, घरात वाद झाला की चॅनल अडकतं. मग मेहनत जिची, तिलाच लॉगिन करता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. चॅनल बाईच्या स्वतःच्या जीमेलवर काढा. रिकव्हरी नंबर तिचा ठेवा. ॲडसेन्स आणि बँक खातंही तिच्याच नावाचं असू द्या, कारण दोन्हीकडे नाव जुळावं लागतं. व्हिडिओ टाकायला मुलगा किंवा नातू मदत करत असेल तर त्याला पासवर्ड द्यायची गरज नाही. यूट्यूब स्टुडिओच्या सेटिंगमध्ये ‘परमिशन्स’ असतं. तिथून त्याचा ईमेल टाकून त्याला ‘एडिटर’ करा. तो व्हिडिओ टाकू शकेल, पण मालकी बाईकडेच राहील. पुढे कधी गरज पडली तर त्याचं नाव काढताही येतं.

कुणी त्रास दिला तर

घाण कमेंट आली तर उत्तर देत बसू नका. आधी स्क्रीनशॉट काढा, मग कमेंट काढून त्या माणसाला ब्लॉक करा. ठराविक शब्द असलेल्या कमेंट आपोआप अडवायची सोय सेटिंगमध्ये आहे. घराचा पत्ता, मुलांची शाळा, रोज कुठल्या वेळी एकट्या शेतात असता हे व्हिडिओत सांगू नका.

बाईच्या इच्छेविरुद्ध मोबाईल-इंटरनेटवरून सतत पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. यात चूक बाईची नसते, त्यामुळे चॅनल बंद करून गप्प बसायची गरज नाही.

हे नंबर सेव्ह करा

पैशांची ऑनलाईन फसवणूक : १९३० (जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त)

तातडीची पोलीस मदत : ११२

महिला हेल्पलाईन : १८१

ऑनलाईन तक्रार : राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल. इथे महिला आणि मुलांच्या तक्रारींसाठी वेगळा विभाग असून त्यातल्या काही तक्रारी नाव न सांगताही करता येतात.