पाच गावांचे ऋण

 निजामी राजवटीत १९०७ साली केशवराव कोरटकर प्रभृतींच्या पुढाकाराने हैदराबादेत विवेकवर्धिनी निघाली. त्याच साली गुलबर्ग्यास नूतन विद्यालय सुरू झाले. १९२१ मध्ये हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा उभी राहिली. तेथे अध्यापन केलेले स्वामी रामानंद तीर्थ पुढे अंबेजोगाईच्या योगेश्वरी शाळेत आले. १९५० साली नांदेडास पीपल्स कॉलेज स्थापन झाले आणि हदगावच्या मुलास उच्च शिक्षणाची वाट जिल्ह्यातच सापडली. हे कोण्या एका गावाचे कर्तृत्व नव्हे.

आज आमच्या ज्ञातीची मुले शिक्षणासाठी परगावी जातात. नांदेड, लातूर, हैदराबाद येथील बांधवांनी एकविचाराने त्यांच्या निवाऱ्याची व मार्गदर्शनाची सोय केल्यास त्या ऋणाची अंशतः तरी फेड होईल, असे आम्हांस वाटते.